बंद सॅनेटोरियममधल्या नोंदवह्या : एक प्रकरण

पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, जिथे पाऊस जरा हात आखडता घेतो अशा पट्ट्यात, एक जुनं क्षयरुग्णालय आहे. गावाचं नाव देत नाही. का देत नाही ते पुढे कळेलच. माणसांची नावंही दिलेली नाहीत. आसपासच्या वाड्यांमध्ये त्याला अजून ‘खोकल्याचा दवाखाना’ म्हणतात. शेवटचा रुग्ण १९९०च्या दशकात घरी गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

अशी रुग्णालयं डोंगरातच का बांधली गेली, हे माहीत असल्याशिवाय ती इमारत नीट दिसत नाही. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं २४ मार्च १८८२ला जाहीर केलं, पण तो जंतू मारणारं औषध हाती यायला पुढे साठेक वर्षं गेली. मधल्या काळात डॉक्टरांकडे होती ती कोरडी हवा, ऊन, सक्तीची विश्रांती आणि भरपूर दूध-अंडी. फार तर छातीत हवा भरून आजारी फुप्फुस बराच काळ मिटवून ठेवायचे. भारतातलं पहिलं मोकळ्या हवेचं सॅनेटोरियम १९०६ साली अजमेरजवळ तिलोनियाला निघालं. आपल्याकडे पाचगणीचं बेल-एअर आणि मिरजेजवळचं वानलेसवाडी ही त्याच परंपरेतली ठिकाणं.

आमचं हे रुग्णालयही तसंच. दगड-चुन्याच्या तीन लांब वॉर्डांचं तोंड दक्षिणेला. खाटा बाहेर ओढून रुग्णाला दिवसभर उघड्यावर झोपवता यावं म्हणून प्रत्येक वॉर्डापुढे दहा फुटी व्हरांडा. धूळ साचू नये म्हणून भिंत आणि जमीन जिथे मिळते तो कोपरा गोल केलेला. वर छपराचा भार पेलणाऱ्या सागवानी चौकटी, म्हणजे कैच्या, मंगलोरी कौलं आणि आढ्याला हवा जायच्या झडपा. जरा लांब धोबीघाट, आणखी लांब, झाडीआड, शवागार. १९७०च्या सुमारास कुणीतरी मध्येच एक चौकोनी स्लॅबची खोली ठोकून दिलेली आहे. पहिल्या भेटीत मी तिला ‘विद्रूप’ ठरवून सगळ्या फोटोंतून वगळलं होतं. तिचा उल्लेख पुढे येईल.

ही जागा ओस पडली ती औषधांमुळे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं, आयसोनियाझिड १९५२ला वापरात आलं. मग १९५६ पासून मद्रासमध्ये एक प्रयोग झाला. गरीब वस्तीतल्या रुग्णांचे दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये ठेवला, दुसरा घरी, औषधं दोघांना तीच. १९५९ला निकाल प्रसिद्ध झाला : घरी राहिलेलेही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. डोंगरावरच्या खाटेची गरजच उरली नाही. आमच्या रुग्णालयाने त्यानंतरही तीसेक वर्षं तग धरला, हे नवलच.

आम्ही पाच जण. मी वास्तुसंवर्धनाचं काम करते. बाकी एक छायाचित्रकार, एक छातीरोगतज्ज्ञ डॉक्टर, तालुक्याच्या शाळेतून निवृत्त झालेले सर आणि एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी. गडकोट फिरून झाले, आता विसरलेल्या इमारती बघायच्या, एवढाच आमचा बेत होता.

पहिली भेट

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही गेलो. फाटक नावापुरतं. आत कंपाउंडरच्या जुन्या खोलीत एक राखणदार राहतात, त्यांना मी नाना म्हणेन. संस्थेने पगार थांबवून किती वर्षं झाली ते त्यांनाही नेमकं सांगता येत नाही. आत जाऊ का विचारल्यावर म्हणाले, “जावा की, कोन इचारतंय. फकस्त माडीवर नगा जाऊ, तक्तपोशी कुजलीय.”

हे आम्ही परवानगी म्हणून धरलं. पहिली चूक तिथे झाली. राखणदार दार उघडू शकतो, परवानगी देऊ शकत नाही. त्याच्याकडे ती नसतेच.

वॉर्ड बघून झाले. सरांनी आधीच बजावलं होतं, त्यामुळे सगळ्यांच्या पायांत बूट होते आणि हातात काठ्या. व्हरांड्याच्या कडेला फुरशाची कात सापडलीच. दुसऱ्या वॉर्डच्या छज्जाला आग्या मोहोळ लटकलं होतं, म्हणून विद्यार्थ्याचा ड्रोन पेटीतून बाहेर येऊ दिला नाही. वटवाघळांच्या विष्ठेने भरलेल्या खोलीत मास्क लावल्याशिवाय जायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या विष्ठेत वाढणारी बुरशी श्वासातून फुप्फुसात जाते. क्षयाचं काय, असं आम्ही हळूच विचारलं. ते हसले. इतक्या वर्षांनी क्षयाचा जंतू कुणाची वाट बघत भिंतीवर बसलेला नसतो.

एक्स-रेच्या खोलीपाशी मात्र ते हसले नाहीत. विद्यार्थी दार ढकलत होता, त्याला मागे ओढलं. बंद पडलेलं एक्स-रे यंत्र विजेशिवाय निरुपद्रवी असतं, पण रिकाम्या रुग्णालयात आणखी काय मागे राहिलंय हे बाहेरून कळत नाही. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ साली दोन भंगार वेचणाऱ्यांनी सोडून दिलेल्या किरणोपचार केंद्रातून यंत्राचा भाग उचलला. त्यातली किरणोत्सारी सीझियमची निळी चमकणारी भुकटी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी कौतुकाने अंगाला लावली. २४९ जणांच्या शरीरावर किंवा शरीरात ती सापडली आणि चार जण मेले. आपल्याकडे २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्टने एकाचा जीव घेतला. क्षयरुग्णालयात असला साठा असण्याचं कारण नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं. तरी आम्ही दारातूनच बघितलं. आत लोखंडी घोड्यावर फिल्म्सच्या थप्प्या होत्या आणि खोलीभर व्हिनेगरसारखा आंबट वास. जुन्या ॲसिटेट फिल्म सडल्या की असा वास सुटतो. त्याहून जुन्या नायट्रेटच्या असतील तर त्या पेटतात. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या रुग्णालयात १९२९ साली अशा फिल्म्सच्या आगीत १२३ माणसं गेली. दार ओढून घेतलं.

एवढी काळजी घेणारे आम्ही, शेवटच्या खोलीपाशी सगळं विसरलो. तिला चांगलं जाड कुलूप होतं. आत काय, विचारलं तर नाना म्हणाले, “चोपड्या हायेत. पेशंटच्या.” उघडता का? ते जरा घुटमळले. छायाचित्रकाराने पाचशेची नोट पुढे केली. नानांनी ती दोन क्षण नुसती बघितली आणि किल्ली आणायला गेले.

आत ३७ नोंदवह्या होत्या. टाकाने लिहिलेल्या, कापडी पुठ्ठ्याच्या. दाखल तारीख, नाव, वय, गाव, धंदा, थुंकीचा निकाल, दर आठवड्याचं वजन, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द : ‘बरा’, ‘सुधारणा’, ‘मयत’. कुठे कुठे ‘लामा’. डॉक्टरांनी फोड केली : डॉक्टरांचा सल्ला न मानता निघून गेलेला. काही पानांवर लागोपाठ चार-पाच लामा, तारखा जूनच्या. सर म्हणाले, “पेरण्या.”

आम्ही तासभर पानं उलटत बसलो. छायाचित्रकाराने १९६८च्या एका पानाचा अतिशय सुंदर फोटो काढला, तिरपं ऊन, वाळवीची नक्षी, निळी शाई. संध्याकाळी तो फोटो त्याने समाजमाध्यमावर टाकला, ठिकाणासकट. आम्ही चौघांनीही त्याला पसंती दिली.

अडचण

मार्चच्या पहिल्या आठवड्यात छायाचित्रकाराला फोन आला. बोलणारा तिशीतला, शेजारच्या तालुक्यातला. आवाज चढलेला नव्हता. त्या पानावर वरून तिसरं नाव त्याच्या आजीचं होतं. आडनाव दुर्मीळ, गाव लहान, ओळख पटायला काहीच लागलं नाही. आजीला टीबी झाला होता हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. माहेरी बाळंतपणाला गेली होती, एवढंच सगळे ऐकत आले होते. “आजी आता नाहीये. पण आत्याच्या मुलीचं जमतंय. समोरच्यांच्या कुणीतरी हा फोटो आम्हाला पाठवला. काढता का तेवढा?”

फोटो अर्ध्या मिनिटात काढला. पण तो पुढे किती जणांकडे गेला होता, ते कुणाच्याच हातात नव्हतं.

मार्चअखेर मी आणि सर पुन्हा गेलो. एक्स-रेची खोली रिकामी. फिल्ममध्ये चांदी असते आणि भंगारवाल्यांना ती काढता येते. फोटोमुळेच ते आले असं छातीठोक सांगता येणार नाही, पण मधल्या महिन्याभरात ‘फोटोवाल्या पोरांच्या’ चार टोळ्या येऊन गेल्याचं नाना म्हणाले. प्रत्येकाने पाचशे दिले होते. तिकिटाचा दर आम्हीच ठरवून दिला होता.

आणि वर बघितलं तेव्हा तिसरी गोष्ट दिसली. नोंदवह्यांच्या खोलीवरची कौलं दोन ठिकाणी सरकली होती. कौल फुटलं की पाणी थेट खोलीत पडतं असं नाही. आधी ते भिंतीवरच्या आडव्या लाकडात मुरतं, तिथे टेकलेला कैचीचा पाय कुजतो, कैची फाकते आणि मग एका पावसात सगळं छप्पर खाली बसतं. या कैचीच्या पायात माझा पेचकस मुठीपर्यंत गेला. मृग लागायला दहा आठवडे होते.

पर्याय

एप्रिलभर आम्ही भांडलो. ते भांडण इथे जरा सविस्तर सांगते, कारण पुढे जे घडलं ते त्यातूनच.

छायाचित्रकाराचं म्हणणं : वह्या गाडीत टाकू, पुण्याला नेऊ, कोरड्या ठेवू, वारस उभा राहिला की परत देऊ. मी त्याच्या बाजूने होते. पाऊस कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाही, असं मी म्हटल्याचं आठवतं. सरांनी एकच विचारलं, “परत देऊ म्हणजे कुणाला?” त्यावर आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं. कायद्याचंही होतंच. रिकाम्या इमारतीत नुसतं शिरण्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ लावायचं तर हेतू तपासला जातो, पण मालकाला न विचारता वह्या उचलल्या तर चोरीचा, म्हणजे कलम ३०३चा, आरोप येऊ शकतो. ‘वाचवण्यासाठी’ हा शब्द त्या कलमात नाही.

दुसरा पर्याय जागेवरच पानन् पान फोटो काढण्याचा. झालेल्या प्रकारानंतर कुणालाच तो नको होता. शिवाय ३७ वह्यांची हजारो नावं कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये पडून राहणार, हे वहीपेक्षा बरं कसं?

डॉक्टर म्हणाले, मग जाऊ द्या. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांत दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं सांभाळायची अट आहे. ती मुदत केव्हाच उलटली. कागद मातीत गेले तर रुग्णांची गुपितंही गेली. हा पर्याय ऐकायला निष्ठुर वाटतो, पण त्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. एक गुपित फोडून बसलेल्यांना तो पटण्यासारखाच होता. त्याला छेद दिला तो शेवटच्या रकान्याने. या भागातली किती माणसं बरी होऊन गेली आणि किती पेरणीसाठी उठून गेली, याचा दुसरा पुरावा कुठेही नाही.

वृत्तपत्रात देण्याचा पर्याय विद्यार्थ्याने मांडला. सगळ्यांनी एकमुखाने नाकारला.

उरला तो कंटाळवाणा रस्ता : मालक शोधायचा.

काय केलं

सातबारा ऑनलाइन निघाला. त्यावर एका सार्वजनिक न्यासाचं नाव होतं. तिथून सर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेले आणि न्यासाच्या नोंदीचा उतारा काढला. विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. इथे तो कित्येक वर्षांत दाखलच नव्हता. उताऱ्यावरच्या सात नावांपैकी पाच जण वारलेले, एक परदेशी, आणि एक वयोवृद्ध वकील.

वकीलसाहेबांकडे आम्ही तीनदा गेलो. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला आणि नाही म्हणाले. जमिनीला रिसॉर्टवाल्यांचा भाव आलाय. न्यासाची जमीन धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही, तरी येऊन विचारणारे असतात, आणि आम्हीही त्यांतलेच कुणी, असा त्यांचा समज. दुसऱ्यांदा मी छपराचे फोटो नेले, तेही उपयोगी पडले नाहीत. तिसऱ्यांदा सरांनी त्या फोटोचा आणि आलेल्या फोनचा सगळा प्रकार सांगून टाकला. आमच्याकडून काय चुकलं, ते न लपवता. वकीलसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कागद आवाराबाहेर जाणार नाहीत. आवारात काय करायचं ते लिहून आणा.”

मेच्या मध्यावर सहीचं पत्र मिळालं. अटी त्यांच्या आणि आमच्या मिळून : वह्या त्याच आवारातल्या सुरक्षित खोलीत हलवायच्या, यादी करायची पण यादीत फक्त वहीचा क्रमांक आणि साल, एकही नाव नाही, पानांचे फोटो नाहीत, खोलीला दोन कुलपं, एक किल्ली नानांकडे, एक वकीलसाहेबांकडे. पत्राची प्रत पोलीस ठाण्यात दिली.

सुरक्षित खोली म्हणजे ती मी फोटोतून वगळलेली स्लॅबची खोली. अख्ख्या आवारात न गळणारं छप्पर तेवढंच.

मेच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस काम केलं. कुजलेल्या कैचीखाली आधी निलगिरीच्या दोन बल्ल्या दिल्या, मगच आत गेलो. एका वेळी एकच माणूस, डोक्यावर हेल्मेट, आणि दारात उभा राहून वर बघत राहणारा दुसरा. छपरावर कुणीही चढायचं नाही, हे ठरलेलं. भिजून चिकटलेल्या आठ वह्या जबरदस्तीने उघडल्या नाहीत. सावलीत उभ्या करून वाळू दिल्या. पाच वह्यांत वाळवीने पुठ्ठ्याखेरीज काही ठेवलं नव्हतं. चोवीस धड निघाल्या. सगळ्या जुन्या सुती धोतरांत बांधून लोखंडी कपाटांत ठेवल्या. कपाटं नानांनी वॉर्डातून ओढत आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना नाना सहज बोलून गेले, “शेवटचं डाक्टर गेलं तवा मला सांगून गेलं हुतं, पेशंटच्या चोपड्या कुनाला दावायच्या न्हाईत. तुमच्या आदी कुनाला दावल्या न्हवत्या.” छायाचित्रकार ताटावरून उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

निष्पत्ती

जुलैत नोंदवह्यांची खोली बसली, ऑगस्टमध्ये बायकांच्या वॉर्डचं निम्मं छप्पर गेलं. वह्या कोरड्या राहिल्या. बाहेरची गर्दी हळूहळू ओसरली. फाटकावर आता वकीलसाहेबांच्या सहीचा फलक आहे आणि नाना पैसे घेत नाहीत. त्यांच्या थकलेल्या पगाराचं काहीही झालेलं नाही. न्यासावर नवे विश्वस्त नेमण्याचा अर्ज पडून आहे.

सोयरीक मोडली. फोटोमुळेच का, ते विचारण्याचा आम्हाला अधिकार नव्हता आणि आम्ही विचारलं नाही.

दिवाळीनंतर तो नातू स्वतःहून आला. वकीलसाहेबांच्या चिठ्ठीसह, त्याच्या आजीपुरती. डॉक्टर सोबत होते. ओळ त्यांनी वाचून दाखवली : दाखल होताना वजन ३३ किलो, थुंकी पॉझिटिव्ह, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, ‘पास’ या क्षयावरच्या औषधाच्या पुड्या, सात महिन्यांनी वजन ४४, थुंकी निगेटिव्ह, ‘बरी’. वडिलांचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला, असं नातू म्हणाला. म्हणजे ते बाळंतपण? त्याने मनातल्या मनात हिशोब केला आणि पुढे काही बोलला नाही. ओळीचा फोटो हवा का, असं डॉक्टरांनी विचारलं. त्याने नको म्हटलं, आणि मग जाताना दोन्ही वजनं पुन्हा एकदा विचारून घेतली.

पुन्हा करायचं झालं तर

सातबारा आधी काढू, बूट नंतर घालू. मालक शोधून सही मिळवायला, एप्रिलमधल्या भांडणासकट, आम्हाला सहा आठवडे लागले. हेच काम जानेवारीत सुरू केलं असतं तर फिल्म्सही वाचल्या असत्या कदाचित.

पाचशेची नोट देणार नाही. नानांना काही द्यायचं तर ते कुलूप उघडण्याशी जोडलेलं नसावं. हे बोलायला सोपं आहे. पगार नसलेल्या माणसासमोर रिकाम्या हाताने उभं राहणं अवघड जातं, आणि याचा नीट तोडगा आमच्याकडे अजून नाही.

फोटोबद्दल छायाचित्रकाराने स्वतःपुरता नियम केला आहे : ज्या चौकटीत वाचता येणारं नाव आहे, ते बटण दाबायचंच नाही, नंतर खोडू असं म्हणायचं नाही. ठिकाण तर कधीच टाकायचं नाही. मला हा नियम जरा कडक वाटतो. शंभर वर्षांपूर्वीच्या नावांनाही तो लावायचा का, यावर आमचं अजून एकमत नाही. डॉक्टरांच्या मते क्षयाची लाज अजून गेलेली नाही, तोवर वर्षं मोजून उपयोग नाही.

एका बाबतीत मात्र मी आजही साशंक आहे. बल्ल्या देऊन का होईना, आम्ही कुजलेल्या छपराखाली माणसं पाठवली. एक बल्ली सरकली असती तर? पुढच्या वेळी वह्यांसाठी मी कुणाला आत जाऊ देईन, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

स्लॅबच्या खोलीलाही आता एका कोपऱ्यात ओल दिसू लागली आहे. वर ताडपत्री टाकायची तर पत्रातल्या अटींप्रमाणे पुन्हा परवानगी लागेल. वकीलसाहेबांकडे अर्ज दिला आहे.